चुन्याची रेघ आणि दशांश गुण

अमेरिकेंत उन्हाळा म्हणजे शाळा-कॉलेजांच्या मोठ्या सुटीचा काळ. ह्या सुटींत तेथील पुष्कळ तरुण मुलगे व मुली घर सोडून एका निराळ्याच उद्योगास लागतात. दिवसा रणरणत्या उन्हांत कवाईत आणि वादनाचा सराव, सायंकाळीं एखाद्या क्रीडांगणावर कार्यक्रम, रात्रीं बसमधून शेंकडों मैलांचा प्रवास, पहांटे कोठल्या तरी शाळेच्या व्यायामशाळेंत जमिनीवर झोंप, आणि उठल्यावर पुन्हां तोच क्रम. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हें असें चालतें. मग सर्व पथकें राष्ट्रीय स्पर्धेसाठीं एकत्र जमतात. २००९ पासून बहुतेक वर्षीं ही स्पर्धा इंडियानापोलिस शहरांतील ल्यूकस ऑइल स्टेडियममध्यें होत आली आहे.

ह्या पथकांना तिकडे ड्रम कोर असें म्हणतात. आपल्याकडे ज्याला बँड म्हणतात त्याहून हा प्रकार वेगळा. त्यांत सनई-बासरीच्या जातीचीं वाद्यें नसतात. पितळी वाद्यें, नाना तऱ्हेचे ढोल व पडघम, आणि निशाणें, लाकडी बंदुका व तलवारी फिरविणारे निशाणधारी असे त्याचे मुख्य विभाग. दीडशेंहून अधिक जणांचें हें पथक वाजवीत असतांनाच चालतें आणि प्रसंगीं धांवतेंहि. तें मैदानावर वर्तुळें, कमानी, तिरप्या रांगा रचतें आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच त्या मोडून दुसरी आकृति उभी करतें. परीक्षकांपैकीं कोणी वादन पाहतो, कोणी चाल, कोणी एकंदर परिणाम. सर्वांचे आंकडे मिळून शंभरांपैकीं गुण ठरतात.

परंतु अंतिम बेरीज जाहीर होण्यापूर्वीं आणखी एक कागद पुढें येतो. त्यावर स्तुतीचा किंवा टीकेचा एक शब्दहि नसतो. वेळ किती लागला, कोणता नियम मोडला, आणि त्याबद्दल किती गुण वजा करावयाचे, एवढेंच त्यावर लिहिलेलें असतें. तो लिहिणारा अधिकारीहि निराळा असतो. संगीत कसें झालें हें त्याला कोणी विचारीत नाहीं. त्याच्या त्या कोरड्या कागदाचें ह्या रंगीत सोहळ्यांत काय काम, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम मैदानाचें माप पाहूं. ही स्पर्धा अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर होते. दोन गोलरेषांमधील अंतर १०० वार आणि मैदानाची रुंदी १६० फूट. लांबीच्या बाजूनें दर पांच वारांवर एक पांढरी रेघ आंखलेली असते. पथकांतील नेहमींचें पाऊल असें बसविलेलें असतें कीं आठ पावलांत बरोबर पांच वार काटले जावेत. म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचें. ह्या हिशेबानें मैदान १६० पावलें लांब व सुमारें ८५ पावलें रुंद होतें. प्रत्येक वादकाजवळ सरावाच्या वेळीं एक लहानशी वही असते. कोणत्या ठोक्याला आपण कोणत्या रेघेपासून किती पावलांवर उभें असावयाचें, हें तींत टिपलेलें असतें. वही पाठ झाली म्हणजे ती ठेवून द्यावयाची आणि पायांनीं ती लक्षांत ठेवावयाची.

वादनाची लय मिनिटाला १८० ठोक्यांवर गेली कीं सेकंदाला तीन पावलें पडतात. म्हणजे वादक सेकंदाला साडेपांच फुटांहून अधिक अंतर तोडतो, तेंहि ओंठाशीं वाद्य धरून आणि छाती प्रेक्षकांकडे ठेवून. अशा वेळीं वळण्याचा एक ठोका चुकला तर तो साडेबावीस इंच पुढें गेलेला असतो. मैदानाच्या मध्यावर ह्या साडेबावीस इंचांनीं रांग थोडी वांकडी दिसेल. मैदानाच्या कडेला मात्र तेवढ्याच अंतरानें पाऊल चुन्याच्या रेघेबाहेर पडतें.

ही रेघ आली कोठून? पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या संघटनांनीं ढोल-बिगुलांच्या पथकांना उत्तेजन दिलें व त्यांच्या स्पर्धा भरविल्या. अमेरिकन लीजन आणि व्हेटरन्स ऑफ फॉरिन वॉर्स ह्या त्यांतील प्रमुख संस्था. सैनिकांनीं चालविलेल्या स्पर्धा असल्यामुळें त्यांचे नियमहि लष्करी वळणाचे होते. वादनास आरंभ होण्यापूर्वीं मुलांच्या गणवेशाची तपासणी होई. बुटांना चकाकी नसली किंवा गुंडी सुटलेली असली तरी गुण जात. पथकानें मैदानाच्या डाव्या टोंकाकडील आरंभरेषेवर उभें राहावयाचें, तेथून वाजवीत निघावयाचें आणि उजव्या टोंकाकडून बाहेर पडावयाचें. ठरलेली वेळ भरली हें बंदुकीच्या बारानें कळविलें जाई. राष्ट्रध्वज पथकाबरोबर असे, त्याच्या रक्षणास रक्षक असत, आणि ध्वजाला मान देण्याचा प्रसंग कार्यक्रमांत ठेवावा लागे. ह्यांपैकीं कशांतहि उणें पडलें तर दंड ठरलेला होता, आणि तो बहुधा दशांशांत मोजला जाई.

त्या काळीं वादन व कवाईत ह्यांचें परीक्षणहि दशांशांतच होत असे. परीक्षक हातांत कागद घेऊन प्रत्यक्ष मैदानांत, वादकांच्या रांगांमधून हिंडत. पथक निर्दोष आहे असें प्रारंभीं धरून चालावयाचें आणि दोष दिसेल तेथें कागदावर एक खूण करावयाची. एका खुणेला एक दशांश गुण वजा. पडघमाचा एक ठोका मागेंपुढें झाला, खूण. एकाचें पाऊल इतरांशीं जुळलें नाहीं, खूण. निशाण हातांतून निसटलें, खूण. ह्या खुणेला तिकडे टिक म्हणत, आणि त्यावरून ही सारी पद्धति टिक-पद्धति म्हणून ओळखली जाई.

तेव्हां त्या दिवसांत दोन प्रकारचे दशांश एकाच बेरजेंत मिसळत. वादकाचा ठोका चुकला तरी एक दशांश, आणि त्याचें पाऊल रेघेबाहेर गेलें तरी दंड दशांशांतच. कागदावर दोन्ही सारखे दिसत. ते वस्तुतः सारखे आहेत काय, हा प्रश्न पुढें निर्माण झाला. आणि त्याचें जें उत्तर त्या लोकांनीं दिलें तें समजून घेण्यासारखें आहे.

१९७१-७२ च्या सुमारास कांहीं प्रमुख पथकांच्या चालकांनीं स्वतःची संस्था उभारली. केवळ दुसऱ्यांच्या नियमांखालीं खेळण्याऐवजीं आपल्या कलेचे नियम आपण करावेत, अशी त्यांची इच्छा होती. वायोमिंग राज्यांतील ट्रूपर्स पथकाचे जिम जोन्स आणि शिकागोकडील कॅव्हेलियर्स पथकाचे डॉन वॉरन हे त्यांतील पुढारी. ह्या संस्थेचें नांव ड्रम कोर इंटरनॅशनल. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७२ सालीं विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर ह्या लहानशा गांवीं झाली, आणि कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅनाहाइम किंग्समेन पथकानें ती जिंकली. नियम करण्याची सत्ता हातीं आल्यावर पुढील वर्षांत ह्या मंडळींनीं जुन्या लष्करी नियमांपैकीं बरेच हळूहळू सोडून दिले. डावीकडून शिरून उजवीकडून बाहेर पडण्याची सक्ति गेली. गणवेशाची तपासणी गेली. ध्वजाच्या प्रसंगाची सक्तीहि पुढें उरली नाहीं.

आणि १९८४ सालीं टिक-पद्धतीलाहि रजा मिळाली. तिच्याविरुद्ध मुख्य आक्षेप असा होता कीं ती भित्र्याला बक्षीस देते. चुकीला दशांश जातो, पण अवघड रचना साधली तर तितकें श्रेय मिळत नाहीं, हें एकदां कळलें म्हणजे शहाणा शिक्षक सोपेंच शिकवूं लागतो. मैदानावरच्या आकृति बहुतांशीं मध्यरेषेच्या दोहों बाजूंना सारख्या, आरशांत पाहिल्यासारख्या असत, कारण त्या बसविण्यास सोप्या पडत. जॉर्ज झिंगाली नांवाच्या रचनाकारानें गारफील्ड कॅडेट्स ह्या पथकाकडून १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत असम, वेगवान, सारख्या बदलणाऱ्या आकृति करवून घेतल्या, आणि १९८३ सालीं त्या पथकानें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. नव्या पद्धतींत परीक्षक खुणा मोजण्याऐवजीं कार्यक्रमाचें मोल एकंदरीनें ठरवूं लागले: काय करूं पाहिलें, आणि तें किती साधलें. प्रयत्नाला गुण मिळूं लागले.

आतां पाहण्यासारखी गोष्ट ही कीं टिक गेल्या, तरी दंडाचा कागद गेला नाहीं. वेळ मोजणारा व नियमभंग टिपणारा अधिकारी पूर्वींप्रमाणेंच राहिला. म्हणजे कलेंतील चूक आणि कराराचा भंग ह्या दोन भिन्न वस्तु आहेत, हें त्या लोकांनीं ओळखलें. ठोका चुकणें ही कलेंतील चूक. ती मोठ्या प्रयत्नाच्या पोटीं होऊं शकते, आणि तिचा निवाडा रसिकानेंच करावा. वेळेबाहेर वाजविणें किंवा नेमल्या जागेच्या बाहेर जाणें हा मात्र इतर पथकांशीं केलेल्या कराराचा भंग. तेथें रसिकतेला वाव नाहीं; तेथें मोजमाप हवें. एकाला दहा मिनिटें आणि दुसऱ्याला बारा, एकाला ८५ पावलांची रुंदी आणि दुसऱ्याला ९०, असें झालें तर मग तुलना कशाची करावयाची?

ह्यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, आणि तो सहजासहजीं टाकून देण्यासारखा नाहीं. समजा, एक एकवीस वर्षांचा मुलगा आहे. ह्या पथकांत वयाची मर्यादा असते. त्यामुळें त्याचा हा शेवटचा उन्हाळा, आणि आजची त्याची शेवटची रात्र. सोळा पावलें, म्हणजे तीस फूट लांबीची एक रांग घड्याळाच्या कांट्यासारखी एका टोंकाभोंवतीं फिरावयाची आहे आणि हा मुलगा आहे फिरत्या टोंकाला. सोळा ठोक्यांत पाव वर्तुळ पुरें करावयाचें. रांगेच्या मधल्या वादकाला त्यासाठीं अठरा इंचांहूनहि लहान पावलें पुरतात. टोंकाच्या ह्या मुलाला तेवढ्याच वेळांत सत्तेचाळीस फूट तोडावयाचे असतात, म्हणजे दर पाऊल सुमारें पस्तीस इंचांचें. तो तें बिनचूक करतो. परंतु ज्याच्याभोंवतीं रांग फिरते तो आंतला खुंट एक फूटभर रेघेकडे सरकलेला असतो. सारी रांग त्याच्याबरोबर सरकते, आणि रेघेबाहेर पाऊल पडतें तें ह्या मुलाचें. चूक मध्याची आणि पाय कडेचा. अशा वेळीं अधिकाऱ्यानें कागदावर दंड लिहावा, हा न्याय कसा?

ह्या प्रश्नाचें उत्तर दंडाच्या स्वरूपांतच आहे. दंड त्या मुलाला होत नाहीं. गुण वजा होतात ते पथकाचे. रेघेवर उभा असलेला अधिकारी फक्त पाऊल पाहतो. दोष कोणाचा हें तो ठरवीत नाहीं, आणि ठरवूं लागला तर चुकेल. त्यानें मुलाला दोषी म्हटलें तर तें खोटें होईल. त्यानें मुलाची दया येऊन डोळे मिटले तर ज्या पथकानें आपली रांग दोन पावलें आंत ठेवून बसविली त्याच्यावर अन्याय होईल. पथकाच्या नांवावर दंड लिहिला म्हणजे ह्या दोन्ही आपत्ति टळतात. दोष शोधण्याचें काम दुसऱ्या दिवशींच्या सरावावर सोडलेलें असतें. चांगला शिक्षक तेथें कडेच्या मुलाला रागें भरत नाहीं. तो आंतल्या खुंटाजवळ जाऊन उभा राहतो.

दुसरा आक्षेप असा कीं एका दशांशानें काय होणार? शंभरांत दशांश म्हणजे हजारांत एक. परंतु ह्या स्पर्धेचा इतिहास पाहिला तर त्या हजाराव्या भागाची किंमत कळते. १९९६ सालीं ब्लू डेव्हिल्स आणि फँटम रेजिमेंट हीं दोन पथकें प्रत्येकीं ९७.४ गुण मिळवून बरोबरीनें विजयी झालीं. १९९९ सालीं ब्लू डेव्हिल्स आणि सँटा क्लारा व्हॅनगार्ड ह्यांची ९८.४ वर बरोबरी झाली. पुढच्याच वर्षीं, २००० सालीं, कॅडेट्स आणि कॅव्हेलियर्स बरोबरीनें विजयी ठरले. आणि २००८ सालीं इंडियानांतील ब्लूमिंग्टन येथें फँटम रेजिमेंटनें ९८.१२५ गुण मिळविले, तर ब्लू डेव्हिल्सनें ९८.१००. अंतर एका दशांशाच्या चौथ्या हिश्श्याएवढें. त्या रात्रीं विजयी पथकाला कोठें एक दशांश दंड झाला असता तर निकाल उलटला असता. साऱ्या उन्हाळ्याचा घाम, शेंकडों मैलांचे प्रवास, सहस्रावधि प्रेक्षकांचा जयघोष, हें सर्व एका पावलाच्या एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला पडलें असतें.

हें ऐकून कोणी म्हणेल कीं मग हा दंड फारच क्रूर आहे. परंतु हेंच उदाहरण दुसऱ्या बाजूनेंहि पाहावें. इतक्या जवळच्या सामन्यांत विजयी कोण, हें परीक्षकांच्या आवडीवर अवलंबून असतें, आणि आवडीबद्दल लोक वर्षानुवर्षें वाद घालतात. २००८ च्या निकालाबद्दल आजहि रसिकांत चर्चा होते. चुन्याची रेघ मात्र कोणाची बाजू घेत नाहीं. जेथें सर्व कांहीं मताचें आहे, तेथें मताबाहेरची अशी थोडी तरी जागा असावी लागते. नाहीं तर पराभूतानें निकाल मान्य कां करावा?

अर्थात् रेघ म्हणजे कांहीं वेदवाक्य नव्हे. ती माणसांनीं आंखलेली असते आणि माणसें ती हलवूं शकतात. पूर्वीं प्रत्येक वाद्य अंगावर वागवीतच मैदानांत वाजवावें लागे. मोठमोठाले ताल-नगारे छातीला बांधून मुलें चालत. पुढें हीं जड वाद्यें मैदानाच्या समोरच्या कडेला जमिनीवर ठेवून वाजविण्यास परवानगी मिळाली, आणि जेथें पाऊल टाकणें पूर्वीं गैर होतें तेथें वादकांचा एक नवा विभागच स्थिर झाला. पूर्वीं एका ठराविक स्वराचे बिगुलच चालत. २००० सालापासून इतर स्वरांचीं पितळी वाद्यें चालूं लागलीं. २००४ पासून ध्वनिवर्धकाला परवानगी मिळाली. ह्यांतील प्रत्येक गोष्ट तत्पूर्वीं नियमबाह्य होती. परंतु हे सारे फरक झाले ते पथकांच्या प्रतिनिधींच्या सभांत, चर्चा होऊन, मतें घेऊन, सर्वांना आगाऊ कळवून. हिवाळ्यांतल्या सभेंत रेघ हलविणें ही सुधारणा. उन्हाळ्यांतल्या सामन्यांत ती पायानें ओलांडणें हा नियमभंग. पाऊल एकच, पण कोठें आणि केव्हां, ह्यावर त्याचा अर्थ ठरतो.

ह्या संस्थेंत चुन्यानें न आंखलेल्या रेघाहि आहेत, आणि त्यांचा दंड कित्येकदां फार जबर असतो. १९७५ च्या राष्ट्रीय स्पर्धेंत न्यू जर्सीच्या हॉथॉर्न गांवचें मुचाचोस हें पथक विजेतेपदाच्या दावेदारांपैकीं होतें. त्याच्यांत वयाची मर्यादा ओलांडलेला वादक असल्याचें आढळून आलें, आणि सारें पथकच स्पर्धेंतून बाद झालें. बाकीच्या मुलांचा त्यांत काय अपराध? कांहीं नाहीं. तरीहि तोच प्रश्न तेथें पुन्हां उभा राहतो: दुसऱ्या पथकांनीं आपले अनुभवी वादक नियमाप्रमाणें वयाची मर्यादा होतांच निरोप देऊन पाठविले होते, त्यांचें काय? त्या निरोप घेतलेल्या मुलांनींहि रडूं आवरूनच गणवेश उतरविला असेल. ते मैदानांत नसल्यामुळें कोणाला दिसत नाहींत, एवढेंच. नियम पाळणारा नेहमीं असा न दिसणारा असतो, आणि दंडाचा कागद हा त्याच्या वतीनें लिहिलेला असतो.

लहानपणीं शिस्तीविषयीं मुलांना पुष्कळ सांगितलें जातें, आणि तें बहुधा त्यांना कंटाळवाणें वाटतें. ह्याचें कारण असें कीं शिस्त म्हणजे वडील माणसांची आज्ञा, अशी त्यांची समजूत झालेली असते. ह्या पथकांतील मुलें उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत एक निराळी गोष्ट शिकतात. रेघेच्या आंत राहणें हें शिक्षकासाठीं नसतें, आणि अधिकाऱ्याच्या भीतीनेंहि नसतें. आंतल्या खुंटाला आपली जागा कळावी लागते ती कडेच्या मुलासाठीं. कडेच्या मुलाला आपलें पाऊल आवरावें लागतें तें पथकासाठीं. आणि पथकाला आपल्या जागेंत राहावें लागतें तें प्रवेशद्वाराशीं रांग धरून, आपल्या पाळीची वाट पाहत उभ्या असलेल्या दुसऱ्या पथकासाठीं.

कार्यक्रम संपतो. टाळ्यांचा गजर होतो. पथक मैदान सोडून निघतें, आणि दुसरें पथक आंत येऊन आपापल्या जागा घेऊं लागतें. मैदानाच्या कडेनें फिरणारा अधिकारी आपल्या कागदावर एक नजर टाकतो. त्यावर कांहीं लिहिलेलें नसलें, तर त्याच्यासारखा आनंद दुसऱ्या कोणाला होत नसेल. तो कोरा कागद घडी घालून पुढें पाठवितो आणि नव्या पथकासाठीं दुसरा कागद काढतो. रेघ तीच असते. ती आतां ह्या मुलांची असते.